काचेवरची लाल अक्षरं

(दृश्य: डोंगरमाथ्यावरची वेधशाळा. घुमटाची झडप सरकते.)

ऑक्टोबर १९२३. कॅलिफोर्नियातलं माउंट विल्सन. एडविन हबल यांनी १०० इंची दुर्बिणीतून ‘देवयानी’ या आकाशातल्या धूसर प्रकाशपुंजाचं छायाचित्र घेतलंय. काचेच्या प्लेटवर एका ठिपक्याशेजारी ते ‘एन’ लिहितात. एन म्हणजे नोव्हा, एकाएकी उजळलेला तारा. मग जुन्या प्लेटा काढून ताडून बघतात, ‘एन’वर काट मारतात आणि लाल शाईने लिहितात, ‘व्हीएआर!’ व्हेरिएबल. ज्याचं तेज ठरावीक दिवसांनी कमीजास्त होतं, असा तारा.

असा तारा म्हणजे अंतर मोजायची पट्टीच. तेजाच्या चढउताराला लागणाऱ्या दिवसांवरून खरं तेज कळतं, हा नियम हेन्रिएटा लेव्हिट यांनी हार्वर्ड वेधशाळेत अशाच प्लेटा तपासताना शोधला होता. खरं तेज दिसणाऱ्या तेजाशी ताडलं, की अंतर निघतं. हबल यांनी हिशेब केला आणि आलेलं अंतर आपल्या आकाशगंगेत मावेना. देवयानी ही वेगळीच दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा स्वतंत्र समूह होती. आजच्या मोजमापाने २५ लाख प्रकाशवर्षं दूर.

(दृश्य: वर्णपटाच्या, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून मिळणाऱ्या पट्ट्याच्या, बारीक रेषा.)

दीर्घिका दूर पळताहेत, हे या रेषा सांगतात. त्या टिपणाऱ्या मिल्टन ह्युमसन यांनी चौदाव्या वर्षी शाळा सोडली होती. याच डोंगरावर त्यांनी खेचरांवरून सामान वाहिलं, वेधशाळेत झाडलोट केली आणि मग दुर्बिणीवर बसायला शिकले. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा माणूस.

‘एनजीसी ७६१९’ ही दीर्घिका इतकी फिकट, की एका वर्णपटासाठी ३३ तास प्रकाश साठवावा लागला. खात्रीसाठी दुसरा घेतला, त्याला ४५ तास. पहाट झाली की प्लेट झाकायची. रात्री तीच दीर्घिका पुन्हा त्याच बारीक फटीवर आणून धरायची. घुमटात शेकोटी नाही, कारण गरम हवेने प्रतिमा थरथरते. एवढं करून काचेवर उमटल्या दोन-चार पुसट रेषा, तांबड्या रंगाकडे सरकलेल्या. जितक्या जास्त सरकलेल्या, तितका दूर जाण्याचा वेग जास्त. वेग निघाला सेकंदाला ३७७९ किलोमीटर.

१९२९ मध्ये हबल यांनी मांडलं, की जितकी लांबची दीर्घिका, तितका तिचा वेग जास्त. बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र दोन वर्षं आधीच आइन्स्टाइनच्या समीकरणांतून तिथवर पोचले होते.

रबराच्या चादरीवर ठिपक्यांची रांगोळी काढा आणि चादर चहूबाजूंनी ताणा. कुठल्याही ठिपक्यावरून बघा, बाकीचे सगळे दूर जाताना दिसतील. दुप्पट लांबचा दुप्पट वेगाने. ठिपके चालत नाहीत, चादर ताणली जातेय. मधला ठिपका असा कुठलाच नाही.

गुरुत्वाकर्षणाने हे ताणणं मंदावत जाईल, असं सगळे धरून चालले होते. १९९८ मध्ये दोन गटांनी दूरचे सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन उजळलेले तारे, मोजले, तर ते अपेक्षेपेक्षा फिकट, म्हणजे जास्त लांब निघाले. प्रसरणाचा वेग वाढतोय! त्यामागच्या कारणाला नाव मिळालं डार्क एनर्जी. विश्वातला सुमारे ७० टक्के वाटा तिचा. ती काळानुसार क्षीण होत असावी, अशी चाहूल दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या, ॲरिझोनातल्या ‘डेसी’ प्रकल्पाच्या २०२४ आणि २०२५ च्या निष्कर्षांत आहे. ते पक्कं ठरलं, तर पुढचं चित्र बदलेल.

पण ती आहे तशीच राहिली तर?

(दृश्य: एकेक करून विझत जाणारे प्रकाशबिंदू.)

अगदी शेवटी, सुमारे एक कोटी कोटी वर्षांनी, शेवटचे छोटे तांबडे तारेही विझतील. मग उरतील कृष्णविवरं, तीही अतिशय सावकाश विरत जाणारी. मला मात्र अस्वस्थ करतो तो त्याच्या कितीतरी आधीचा काळ. दहा-पंधरा हजार कोटी वर्षांनंतरचा. तेव्हा तारे असतील, त्यांच्याभोवती ग्रहही असतील. देवयानी आणि आपल्या शेजारच्या दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या, म्हणून त्या दुरावणार नाहीत. बाकी सगळ्या नजरेपलीकडे गेलेल्या असतील.

त्या काळात कुणी ह्युमसन यांच्यासारखं थंडीत दुर्बिणीवर बसेल. ३३ तास, ३३० तास. फटीतून पलीकडच्या दीर्घिकेचा प्रकाश येणारच नाही. काच कोरी निघेल. आणि सकाळी वहीत प्रामाणिक नोंद होईल, की आपली ही एवढी वस्ती म्हणजेच सगळं विश्व.

(दृश्य: हबल यांची प्लेट. काट मारलेला ‘एन’, शेजारी लाल अक्षरं.)