रोजची एक मूठ

कॅमेऱ्यासमोरची ही मूठ बघा. पहिलीतल्या पोरीची आहे. घट्ट आवळलीय, अंगठा आत दाबलाय आणि तरी करंगळीखालून ज्वारी गळतेच आहे. घरापासून शाळेपर्यंत ही मुलगी अशीच चालत आलीय, वाटेत चप्पल निघाली तर पायानेच सरकवून घातली, हात काही उघडला नाही.

सातारा जिल्ह्यातली ही झेडपीची शाळा. शिक्षक दोन, पट 41. परिपाठाच्या आधी व्हरांड्यात तेलाचे तीन रिकामे डबे मांडलेले असतात, एक ज्वारीचा, एक गव्हाचा, एक तांदळाचा, आणि पोरं येतात, डब्यावर मूठ धरतात, सोडतात, हात झटकतात आणि मैदानात पळतात. बास, एवढंच. कोणी शाब्बास म्हणत नाही, कोणी लिहून घेत नाही. आवाज तेवढा ऐका. पहिली मूठ पत्र्यावर पाऊस आल्यासारखी वाजते, डबा भरत गेला की आवाज येणंच बंद होतं.

ही डावखुरी आहे. डाव्या हाताने देऊ नये असं तिला घरी कुणीतरी सांगितलंय, म्हणून डब्यापाशी आल्यावर ती धान्य डाव्या हातातून उजव्या हातात घेते आणि त्या अदलाबदलीत निम्मे दाणे खाली. कोंबड्यांना हे आता पाठ झालंय, तिच्या मागेच उभ्या असतात. (हा शॉट आम्ही तीनदा घेतला, तिन्ही वेळा कोंबड्या वेळेवर हजर.)

सुरुवात कशी झाली तेही सांगतो. दिवाळीनंतर या पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीड, अहिल्यानगरकडच्या. कारखान्याच्या भाषेत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते आणि ती फिटते टनावर, म्हणजे जेवढा ऊस तोडाल तेवढंच. अवकाळी पाऊस झाला की रानात चिखल, गाडी आत जात नाही, तोड बंद, आणि कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, ठेवलेलं पीठपण ओलं. अशाच एका पावसात टोळीतली दोन पोरं चार दिवस वर्गात दिसली नाहीत, का येत नाहीत ते गुरुजींच्या आधी पोरांना कळलं, आणि तिसरीतल्या एकाने सरळ विचारलं, "गुरुजी, आमच्यातलं नेऊ का थोडं?"

आता गुरुजी पडले शिस्तीचे. त्यांनी वही केली. ही ती वही, रकाने आखलेले, नाव, तारीख, किती ग्रॅम. आणि तिथेच सगळं बिघडलं. आठवड्यात पोरं एकमेकांचे आकडे बघायला लागली, एकाच्या घरून थेट पाच किलोची पिशवी आली, सोबत आई, मोबाईल हातात, स्टेटसला फोटो पाहिजे म्हणून, आणि ज्याच्या घरी दुकानातून अर्धा-अर्धा किलो आणून भागतं तो पोरगा डब्याजवळ यायचाच बंद झाला. गुरुजींनी शनिवारी वही कपाटात टाकली. तेव्हापासून नियम एकच, घरून पिशवी नाही, डबा नाही, ज्याची त्याची मूठ. सरपंचाच्या नातवाची मूठ आणि सालगड्याच्या पोरीची मूठ, आम्ही काट्यावर ठेवून बघितल्या, दोन ग्रॅमचा फरक निघाला, तोही पोरीकडे जास्त.

साताऱ्याला ही मूठ नवीन नाही हो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातीधर्माची पोरं एका पंगतीत. 1927 ला गांधीजी येऊन गेले, त्यांच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पण पोरांना रोज खाऊ काय घालायचं? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. आणि मग मुष्टिफंड, म्हणजे घरोघरच्या बायकांनी दळणाच्या धान्यातली एक मूठ रोज बाजूला टाकायची. कुठल्या मुठीने कोण शिकला ते कुणाला सांगता येणार आहे?

आता जरा वर बघा. हा वर्गातला पंखा. भेट मिळालेला. फिरत असताना काही दिसत नाही, पण लाईट गेली की हळूहळू थांबतो आणि तिन्ही पात्यांवरचं नाव वाचता येतं, गावासकट. नाव आम्ही ब्लर केलंय. पंखा चांगला आहे, वारा लागतो, तक्रार नाही. फक्त खाली ते तीन डबे आहेत आणि त्यांच्यावर अजून जुन्या तेलाचंच लेबल आहे.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला निवडायचं काम. छोट्यांच्या डोक्यात डब्यांचा गोंधळ होतोच, गव्हात ज्वारी, तांदळात गहू, मग ताटात पसरून चौथीची पोरं निवडायला बसतात. ही पाखडतेय बघा, सूप तिच्यापेक्षा रुंद आहे पण मनगटाचा झटका अगदी आजीसारखा. खडे एका बाजूला, किडका दाणा एका बाजूला. "आपण खातो का असला?" असं तिनेच खालच्या वर्गातल्या पोराला झापलं, माईक चालू होता म्हणून सापडलं. मग पिशव्या, सुतळीची गाठ, ताणकाटा. आठवड्याचे भरले सात किलो. पहिलीतली मूठ वीसेक ग्रॅमची असते, तेव्हा सात किलो म्हणजे किती मुठी, हे गणित फळ्यावर सोडवून झालंय.

पिशव्या कोप्यांवर जातात. ती दोन पोरं परत शाळेत येतात. कॅमेरा तिकडे नेऊ नका म्हणाले गुरुजी, नाही नेला.

सोमवार. परत तीच ओळ. मधला तो नवीन, टोळीतला आहे. कोपीतून एकटाच आलाय आणि त्याचीपण मूठ मिटलेली आहे. बाजरी आहे, त्यांनी गावाकडून आणलेली. बाजरीला डबा नाही. तो तीन डब्यांसमोर थांबलाय, मागची ओळ खोळंबलीय, कुणीतरी ढकलतंय. ती डावखुरी पळत आत जाते आणि स्वतःच्या जेवणाचा डबा रिकामा करून आणते, झाकण काखेत.

त्याने मूठ सोडली. बोटांच्या बेचक्यात एक दाणा राहिला होता, तो तोंडात टाकला आणि परिपाठाला पळाला.