आधी चाक, मग ब्रेक

नमस्कार मंडळी. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे, त्या काळात मी एका दुकानात सायकल दुरुस्तीचं काम शिकलो. जूनमध्ये शाळा उघडायच्या तोंडावर ओव्हरहॉलिंगची झुंबड उडायची. आम्ही त्याला सरळ 'ओव्हरऑइलिंग' म्हणायचो! दहा-बारा सायकली उघडून पडलेल्या, पण हातात द्यायला एकही तयार नाही. कष्टाला कुणी मागे हटत नव्हतं, तरी गिऱ्हाईक रोज हेलपाटे घालायचं.

पुढे स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पहिला नियम केला: लागणारा माल हाताशी आल्याशिवाय सायकल उघडायची नाही. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच चाक फिरवून बघा, क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, हलवून बघा, काय बदलायचं ते कागदावर लिहा आणि तो कागद हँडललाच बांधा. उघडलेली सायकल जागा अडवते, शिवाय तिचे भाग दुसरीत मिसळतात.

म्हणून एका सायकलीला एक डबा. चाक ज्यांच्यावर फिरतं त्या छऱ्यांचंच बघा. पुढच्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीला, बहुतेक वेळा ३/१६ इंचाचे, एका बाजूला दहा. मागच्या हबला पाव इंचाचे, एका बाजूला नऊ. हे डोळ्यांनाही कळतं. पण जुन्या, झिजलेल्या छऱ्यांत एखादा नवा मिसळला तर तो फरक दिसत नाही. नवा छर्रा केसभर मोठा असतो, सगळा भार तोच घेतो आणि कोनला, म्हणजे छर्रे ज्याला टेकून फिरतात त्या निमुळत्या नटाला, खड्डे पाडतो. शिकाऊ असताना मी हे केलंय. महिन्याभरात ते चाक करकरत परत आलं आणि नवा कोन दुकानाच्या पैशानं घालावा लागला. छर्रे बदलायचे तर सगळे बदला.

आता क्रम. आधी कोन नीट बसवा, मग चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा काढा, मग ब्रेक. कोन सैल असेल तर रिम डुलते, मग दोष स्पोकचा की कोनचा हेच कळत नाही. आउट काढण्याआधी ब्रेक बसवला, तर रबर वाकड्या रिमच्या मापानं लागतं आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. क्रँकचा ॲक्सलही चेन चढवण्याआधीच नीट फिरता करा. नवी सायकल जोडतानाही हेच. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते मात्र पहिल्याच दिवशी शिकाऊ पोराच्या हातानं लावून घ्या.

धुणं रॉकेलमध्ये, तेही जोडकामाच्या टेबलापासून लांब. ग्रीसमध्ये रेतीचा एक कण गेला तरी सगळी मेहनत वाया.

सायकल दिली की काम संपलं असं समजू नका. नवी कॉटर पिन, म्हणजे क्रँकला ॲक्सलवर धरून ठेवणारी खीळ, चालवता चालवता आणखी आत बसते आणि नट सैल पडतो. पावतीवर आठ दिवसांनंतरची तारीख घाला, त्या दिवशी नट आवळून द्या आणि त्याचे पैसे घेऊ नका.