पंपिंग ६० टक्के, तरी धाप का लागते?

श्रोतेहो, नमस्कार.

डायलिसिसवर असलेल्या साठीच्या एक मावशी टूडी इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, आल्या होत्या. जिना चढताना त्यांना धाप लागत होती आणि रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय पडवत नव्हते. त्यांनी पिशवीतून जुना रिपोर्ट काढला, एका आकड्यावर बोट ठेवले आणि विचारले, "डॉक्टर, पंपिंग तर ६० टक्के, म्हणजे चांगले आहे, मग दम का लागतो?"

डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकार हे आहे, आणि त्याची चाहूल अनेकदा पंपिंगच्या आकड्यात लागतच नाही. कॅनडातील संशोधकांनी नुकतेच डायलिसिस सुरू झालेल्या ४३३ रुग्णांच्या इकोचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांत ७४ टक्के रुग्णांच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू वाढलेला होता. पंपिंग कमी झालेले रुग्ण मात्र १५ टक्केच होते.

हा स्नायू वाढतो तो वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबामुळे, अंगात साचणाऱ्या पाण्यामुळे, हिमोग्लोबिन कमी राहिल्यामुळे, आणि काही अंशी फिस्टुलामधून (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या वाटेतून) हृदयाकडे परतणाऱ्या जादा रक्तामुळेही. पैलवानाचा दंड मेहनतीने भरतो आणि तितकाच सैलही सोडता येतो. या स्नायूत मात्र कडक तंतू पसरत जातात आणि तो नीट सैल पडेनासा होतो. मग दोन डायलिसिसच्या मध्ये दोन-तीन किलो पाणी वाढले, की त्या ताठर कप्प्यात ते सामावत नाही, दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि दम लागतो. उलट, मशीनवर तेच पाणी घाईने काढले, तर कप्पा पुरेसा भरत नाही आणि रक्तदाब एकदम खाली येतो. पंपिंगचा आकडा एवढेच सांगतो, की कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती बाहेर फेकले गेले. ते रक्त भरून घेताना हृदयाला किती दाब सोसावा लागला, हे त्या आकड्यात नसते. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. त्यांच्या हृदयाची भिंत १४ मिलिमीटर जाड होती. ती साधारण १० मिलिमीटरपर्यंत असावी लागते.

म्हणून रिपोर्ट हातात आला, की भिंतीच्या जाडीबरोबरच डाव्या वरच्या कप्प्याचा आकार डॉक्टरांना आवर्जून विचारावा. माझ्या मते डायलिसिसच्या रुग्णात हे माप सर्वांत बोलके असते, कारण रक्तदाब तासागणिक बदलतो, पण हा कप्पा महिनोन्महिने सोसलेल्या दाबानेच मोठा होतो. झडपांवर साचलेले कॅल्शियम, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब आणि हृदयाभोवतीचे पाणी हेही इकोत दिसते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील ब्लॉकेज मात्र साध्या इकोत थेट दिसत नाही, म्हणून इको चांगला आला तरी छातीतले दुखणे अंगावर काढू नये.

आता तपासणी कधी करावी, याविषयी. अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डायलिसिस सुरू झाल्यावर, ड्राय वेट (अंगातले जादा पाणी काढल्यावरचे वजन) गाठले गेले की, शक्यतो एक ते तीन महिन्यांत पहिला इको करावा आणि पुढे दर तीन वर्षांनी तो पुन्हा करावा. त्रास वाढला तर अर्थातच त्याआधीही करावा. दिवसाची निवड तर फारच महत्त्वाची असते. आपल्याकडे अनेकांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होते. तीन-चार दिवसांचे पाणी अंगात असताना इको केला, तर कप्पे फुगलेले आणि दाब वाढलेले दिसतात, आणि त्यातले पाण्यामुळे किती व मूळ आजारामुळे किती, हे वेगळे करता येत नाही. मावशी नेमक्या डायलिसिसच्या आधी, सकाळी आल्या होत्या. आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. वरच्या कप्प्याचा आकार थोडा उतरला होता. भिंत मात्र तशीच जाड होती. त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांनी मग ड्राय वेट थोडे थोडे करत खाली आणले, एका बैठकीत काढायचे पाणी कमी ठेवून डायलिसिसची वेळ वाढवली आणि मिठावर कडक नजर ठेवली. जाड झालेला स्नायू काही प्रमाणात उतरू शकतो, हे उत्तर अमेरिकेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसले आहे. तिथे आठवड्यातून सहा वेळा डायलिसिस केलेल्या रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूचे वजन वर्षभरात घटले होते. तसे वेळापत्रक आपल्याकडे थोड्यांनाच परवडेल, याची मला जाणीव आहे. पण मीठ, पाणी आणि रक्तदाब यांवर ताबा मशीनच्या बाहेरही ठेवता येतो.

इकोला जाताना जुने सर्व रिपोर्ट न्यावेत आणि त्या दिवशीचे वजन व शेवटच्या डायलिसिसची तारीख नव्या रिपोर्टवर लिहून घ्यावी. तपासणीसाठी डाव्या कुशीवर झोपवतात. फिस्टुला डाव्या हातात असेल, तर तो हात अंगाखाली दबू नये, हे झोपण्याआधीच सांगावे.

नमस्कार.