सोळा फुटांचं हेम: जुन्या वळणाचा ड्रेस घरी शिवताना

नमस्कार मंडळी.

हा ड्रेस मी मुद्दाम उलटा करून आणला आहे. पुढच्या रांगेत देते, एकेक करून सगळ्यांनी हाताळा. १९५०च्या दशकात अमेरिकेत कुणीतरी घरी शिवलेला हा सुती ड्रेस आहे. आत कुठल्याही दुकानाची पट्टी नाही, काज हाताने केलेले आहेत. आता आतून बघा. शिलाईच्या कडांना ओव्हरलॉक नाही, झिगझॅग कात्रीने नुसत्या कातरून ठेवल्या आहेत. कंबरेच्या जोडावर आतून एक अरुंद सुती फीत टाचली आहे. घेराचं सगळं वजन त्या फितीवर येतं, म्हणून इतक्या वर्षांनीही कंबर ओघळलेली नाही. चेन पाठीवर नाही, डाव्या कुशीत आहे, आणि ती धातूची आहे. दोन्ही कुशींना जवळजवळ इंचभर माया, म्हणजे शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड, सोडली आहे. अंग भरलं तर उसवून सैल करता यावा, हा विचार कापड कापतानाच झालेला आहे. खालची दुमड अडीच इंचांची आहे, तीही हाताने हेम केलेली. मुलगी उंच झाली की ती सोडायची.

जुन्या वळणाचा ड्रेस म्हटलं की आपण आधी ठिपक्यांचं नाहीतर चेरीच्या छपाईचं कापड शोधायला निघतो. माझं म्हणणं आहे की काळ छपाईत नसतो, तो बेतण्यात असतो. साध्या करड्या पॉपलिनचा ड्रेस नीट बेतला तर तो १९५२ सालचा वाटतो. आणि चेरीचं कापड आजच्या कुर्त्याच्या मापावर कापलं तर तो चेरीचा कुर्ता होतो.

बेतणं कशावरून ठरलं, हे एकदा बघू. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ला कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं मिळाली, आणि एका लोकरी ड्रेसला त्यातली ११ जात. पुढच्या वर्षी शिवणीवरच बंधनं आली: ड्रेसला खिसे दोनच, बटणं पाच, स्कर्टला शिवणी सहा. अमेरिकेतही १९४२ साली सरकारने घेरावर आणि दुमडीवर मर्यादा घातली. चाळीसच्या दशकातला ड्रेस डोळ्यांसमोर आणा: ताठ खांदे, गुडघ्याशी संपणारा सरळ अरुंद स्कर्ट, छातीपाशी थोड्याशा चुण्या. कापड वाचवून ऐट कशी राखायची याचं उत्तर त्या बेतात आहे. खांद्यात पॅड घातला की कंबर आपोआप बारीक दिसते, घेराला जास्तीचं कापड लागत नाही. आपल्याकडेही १९४३ साली कापडावर आणि सुतावर सरकारी नियंत्रण आलं होतं, त्यामुळे कापडाची टंचाई आपल्या आजी-पणजींनाही चांगली ठाऊक होती.

मग १२ फेब्रुवारी १९४७ला पॅरिसमध्ये ख्रिश्चन दिओर यांनी आपला पहिला संग्रह दाखवला. उतरते खांदे, आवळलेली कंबर, पोटरीपर्यंत येणारा भरघोस घेर. ब्रिटनमध्ये रेशनिंग तेव्हा चालूच होतं, ते मार्च १९४९पर्यंत उठलं नाही. तिथल्या बायकांनी त्या घेराकडे कोणत्या नजरेने पाहिलं असेल, याची कल्पना करा. पुढची दहा वर्षं घराघरांत शिवला गेला तो हाच बेत. म्हणून कात्री हातात घेण्याआधी ठरवा, तुम्हाला टंचाईचा ड्रेस शिवायचा आहे की मुबलकतेचा. दोन्हींची सरमिसळ केली की ड्रेस कुठल्याच काळाचा राहत नाही.

घरी शिवणाऱ्यांच्या हाती हे बेत आले ते कागदी पॅटर्नमुळे. एबेनेझर बटरिक हा मॅसॅच्युसेट्समधला शिंपी. त्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे तयार कागदी पॅटर्न विकायला काढले. सुरुवातीला त्या पातळ कागदांवर काहीच छापलेलं नसे, भोकं आणि खाचा बघून टक्स (कापड अंगाला बसावं म्हणून घातलेल्या चिमट्या) कुठे, उभा धागा कुठे हे ओळखावं लागे. असे जुने पॅटर्न आज ऑनलाइन मिळतात, आणि तिथेच बऱ्याच जणी फसतात. कारण त्यांवरचा नंबर. १९५०च्या आसपास १४ नंबर म्हणजे ३२ इंच छाती. त्याच दशकाच्या उत्तरार्धात १४ म्हणजे ३४ झाली, आणि साठच्या दशकाच्या अखेरीस ३६. नंबरकडे बघूच नका. पाकिटावर छातीचं माप इंचात दिलेलं असतं, तेवढंच खरं. आणि मूळ कागदावर कात्री चालवू नका. ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या, मूळ घडी होती तशी परत पाकिटात ठेवा.

पण पॅटर्न विकत घ्यायलाच हवा असं नाही. पन्नासच्या दशकातला पूर्ण गोल घेर मेजपट्टी, दोरी आणि खडू एवढ्यावर निघतो. फळ्यावर करूनच दाखवते.

समजा कंबर २८ इंच. घेराच्या मध्यभागी जे भोक पडतं, त्याचा परीघ २८ हवा. २८ला ६.२८ने, म्हणजे पायच्या (३.१४च्या) दुपटीने भागलं की त्रिज्या साधारण साडेचार येते. मध्यापासून एवढ्या अंतरावर शिलाईची रेघ. मायेसाठी अर्धा इंच आत, म्हणजे चार इंचांवर कापायचं. हे भोक कापताना कंजूष व्हा, कारण गोलाईतला उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका जाणारा भाग हातात घेताच ताणतो आणि २८ची कंबर बघता बघता ३० होते. कापल्याबरोबर रेघेच्या किंचित आत एक टीप मारून ठेवा. लांबी २६ धरली तर मध्यापासून खालपर्यंत साडेतीस, अर्धा इंच दुमडीला, एकूण ३१. अखंड गोल कापायचा तर ६२ इंच पन्हा लागेल, तेवढा सहसा मिळत नाही. म्हणून दोन अर्धगोल काढायचे. ३६ पन्ह्याच्या कापडावर किनारीपासून अर्धा इंच आत मध्यबिंदू घ्या, दोरीच्या एका टोकाला खडू बांधा आणि फिरवा. एका अर्धगोलाला लांबीत ६२ इंच लागतात, दोनांना १२४, म्हणजे साडेतीन वार पुरतात. वरच्या भागाला आणि बाहीला दीड वार धरा. पाच वारांत ड्रेस बसतो.

आता खालचा परीघ मोजा: १९२ इंच. सोळा फूट हेम! गोल घेराला अडीच इंचांची दुमड घालता येत नाही. खालची कड लांब आणि वरची आखूड असल्यामुळे ती चुण्या पाडते. दुमड बारीकच हवी. हा उलटा ड्रेस चुण्यांच्या सरळ घेराचा आहे, म्हणून त्याला रुंद दुमड घालता आली. आणखी एक. गोल घेर शिवल्याशिवल्या हेम करू नका. हँगरला लावून निदान एक रात्र टांगून ठेवा, जाड कापड असेल तर दोन दिवस. उभ्या-आडव्या धाग्यावरचा भाग जागेवर राहतो, उरेब भाग लोंबतो, आणि कड चार ठिकाणी खाली उतरते. मग ड्रेस अंगात घालून दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून वर मोजून खडूने खुणा करायला सांगा. कंबरेपासून खाली मोजून हे कधीच जमत नाही.

पहिल्यांदाच शिवणाऱ्यांनी १९५२ सालचा बटरिकचा वॉक-अवे ड्रेस जरूर बघावा. न्याहारीनंतर शिवायला बसा आणि दुपारच्या जेवणाला तोच घालून निघा, असा त्याचा लौकिक होता. त्याला चेन नाही, बाही नाही. डोक्यातून घालायचा. पुढचा भाग अरुंद आहे, तो पाठीमागे नेऊन अडकवायचा. मागचा भाग गोल घेराचा, तो पुढे गुंडाळून कंबरेवर बटणं लावायची. सगळ्या कडांना उरेब पट्टी. हुशारीने काढलेला बेत आहे, पण वाऱ्यावर तो उघडतो आणि काखेखाली फटही पडते. कंबरेच्या दोन्ही बाजूंना आतून एकेक टिचबटण लावलं की बराच आवरतो.

मांजरपाटाबद्दल मी हट्टी आहे. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी ड्रेसचा निदान वरचा भाग मांजरपाटाचा शिवून बघायचाच. मांजरपाट आधी पाण्यातून काढा, वाळवा, इस्त्री करा. टक्स कच्च्या धावदोऱ्याने घाला, अंगात घालून आरशासमोर हात वर करा, खुर्चीवर बसा, वाका. पन्नासच्या बेतात छातीचे टक्स बरेच वर आणि टोकदार येतात, कारण त्या काळची अंतर्वस्त्रं तशी होती. कंबरही आवळपट्ट्याच्या हिशेबाने धरलेली असे. आज आपण तो घालत नाही आणि घालण्याची गरजही नाही. टक्सचं टोक आपल्या छातीच्या उंचीवर आणा, तिथून इंचभर आधीच थांबवा, कंबरेला इंचभर सैल ठेवा. रूप बिघडत नाही. दंड अडकत असेल तर बहुधा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, फार खोल कापलेला असतो, उथळ नव्हे. मुंढा वर घेतला की हात मोकळा होतो. हे उलटं वाटतं, पण करून बघा.

कापडाचं थोडक्यात. गोल घेराला आकार धरून राहणारं कापड हवं: पॉपलिन, केंब्रिक, जरा घट्ट विणीची खादी. चाळीसच्या सरळ ड्रेसला पडणारं कापड हवं, तिथे रेयॉन शोभतं. तेव्हाही तेच वापरत. मुंबईत मंगलदास मार्केट, पुण्यात लक्ष्मी रोड पालथा घाला; टिचबटणं, फिती तुळशीबागेत मिळतात.

जुन्या सुती साड्यांचा विचार मात्र जरूर करा. इरकल किंवा नारायणपेठ साडेपाच मीटर असते, ती सहज पुरते. तिचा गोल घेर कापू नका, काठ वाया जातो. काठ खाली ठेवून तीन मीटरचा सरळ घेर घ्या, वर चुण्या घाला. साडीचा पन्हा ४५च्या आसपास असतो, त्यामुळे घेर कापल्यावर वर सतरा-अठरा इंचांची पट्टी उरते आणि तिच्यात पाठ-पोट निघतं. फुग्याच्या बाह्या उरलेल्या अडीच मीटरमधून. आपल्या जुन्या पोलक्यांनाही फुग्याच्या बाह्या असत, तेव्हा बेतायला कुणाकडून शिकायला जायला नको. आधी साडी खिडकीशी धरून उजेडात बघा. निऱ्यांच्या घड्यांवर आणि बसण्याच्या जागी सूत विरलेलं असतं. तेवढा भाग वगळून खुणा करा.

मशीन घरात आहे तेच पुरतं. आजीचं काळं, फक्त सरळ टीप मारणारं मशीन असेल तर फारच उत्तम, हे ड्रेस तसल्याच मशीनवर शिवले गेले. पॉपलिनला १४ नंबरची सुई, मलमलला ११. चुण्यांसाठी सर्वांत लांब टाक्याच्या दोन समांतर टिपा मारा आणि दोन्हींचे दोरे एकदम ओढा. एका टिपेच्या चुण्या वेड्यावाकड्या बसतात. प्रत्येक शिवण मारली की लगेच इस्त्री, पुढची शिवण त्यानंतर.

पाठीवरची लपती चेन लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती लावली की पाठीकडून ड्रेस लगेच आजचा दिसतो. डाव्या कुशीत साधी चेन घ्या, वरून कापडाची पट्टी येऊ द्या आणि शेवटची शिलाई हाताने, बारीक टाक्यांनी घाला. चेन मिळाली नाही तर टिचबटणांची रांग आणि कंबरेवर एक हुक, हेही तितकंच त्या काळाचं आहे.

ज्यांनी आपली मापं लिहून आणली आहेत, त्यांनी आता या टेबलाशी या. कंबरेला ६.२८ने भागून आणा, खडू आणि दोरी इथे आहे. पहिला अर्धगोल आपण वर्तमानपत्रावर काढू.