केबिन आणि हौद्यामधली फट

फोर्ड, शेवरोले, रॅम, जवळपास कुठलाही मोठा अमेरिकन पिकअप बाजूने पाहा. केबिन संपते, बोटभर फट दिसते, मग हौदा सुरू होतो. ही फट मिटवायचा प्रयत्नही एकदा होऊन गेला आहे.

1955 पर्यंत पिकअपचा हौदा म्हणजे अरुंद डबा, बाहेर फुगलेली मडगार्डं आणि त्यांच्यापुढे पाय ठेवायला पायरी. त्या वर्षी शेवरोलेने ‘कॅमिओ कॅरिअर’ आणला. डबा जुनाच ठेवला, बाहेरून फायबरग्लासचे पॅनल बसवले आणि हौद्याची बाजू थेट केबिनच्या रेषेत आणली. स्टेपनी मागच्या बंपरच्या आड लपवली. रंगाचं नाव ‘बॉम्बे आयव्हरी’, जोडीला लाल. पिकअप इतका देखणा आधी क्वचितच दिसला होता. माल मात्र पूर्वीइतकाच मावायचा, आणि जोराचा दणका बसला की फायबरग्लासला तडा.

1957 मध्ये फोर्डने सपाट बाजूंचा रुंद हौदा पत्र्यातच काढला, पुढच्या वर्षी शेवरोलेनेही. चाकांच्या कमानी आता हौद्याच्या आत आल्या. आजही मोठ्या पिकअपमध्ये या दोन कमानींमधलं अंतर 48 इंचांहून जास्त ठेवतात, म्हणजे 4 बाय 8 फुटांचं प्लायवूड तळावर सपाट बसतं.

1961 मध्ये फोर्डने पुढचं पाऊल टाकलं: केबिन आणि हौदा एकसंध. फट गेली, रेषा सलग झाली, दिसायला फार सुंदर. पण पिकअपची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, ओझ्याखाली वाकते, खडबडीत रस्त्यावर पीळ खाते. हौदा वेगळा असला की ही हालचाल फटीत जिरते. इथे ती थेट केबिनच्या पत्र्यात गेली. जड माल भरला की दारं अडकतात, अशा तक्रारी आल्या. फोर-व्हील-ड्राइव्ह मॉडेलला फोर्डने वेगळाच हौदा ठेवला होता. 1963 नंतर हा एकसंध प्रकार बंद झाला.

जुना पिकअप घेताना म्हणूनच आधी ही फट पाहावी, गाडी रिकामी आणि सपाट जमिनीवर उभी करून. फट वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर जादा ओझ्याने चासी मागे झुकली असण्याची शक्यता. उलट असेल, तर केबिनखालचे मागचे रबर दबून गेलेले असू शकतात. ते बदलता येतात. डाव्या-उजव्या फटीत फरक दिसला, तर हौद्याचे बोल्ट आणि चासीवरचं वेल्डिंग खाली वाकून तपासावं. केबिनच्या मागच्या कोपऱ्यात रंग घासलेला असेल, तर हौदा तिथे टेकतोय.