लफबरोचा गुरुवारचा बाजार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी!

लंडनच्या आठवणी सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. लेस्टरवर बोलायला तर आज इथे अर्धं सभागृह तयार बसलंय. म्हणून कार्यकारिणीने मला सांगितलं, "तू तुमच्या त्या गावाबद्दल बोल." ते गाव म्हणजे लफबरो. लेस्टर आणि नॉटिंगहॅमच्या मधे, सोअर नदीच्या काठी, एम-वन महामार्गाच्या 23 नंबरच्या जंक्शनवरून आत वळलं की येतं. इंग्लंडमध्ये बाजारगाव म्हणवून घ्यायला पूर्वी राजाची सनद लागायची. आमच्या गावाला ती तेराव्या शतकात, तिसऱ्या हेन्रीच्या अमदानीत मिळाली. तेव्हा देवगिरीला यादव होते आणि ज्ञानेश्वर अजून जन्मायचे होते. बाजार आजही गुरुवारी आणि शनिवारी भरतो.

"या गावाने आम्हाला आपलंसं केलं" असं अशा भाषणांत म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही. आपलंसं केलं ते बाजाराने. बाकी गावाने सावकाश केलं, आणि सगळ्यांना सारखं केलं नाही.

माझे आईबाबा 1967 साली इथे आले, मी तेव्हा कडेवर होते. बाबा इंजिनियर, रेल्वेची डिझेल इंजिनं बनायची त्या ब्रश कंपनीत. त्यांना कामावर माणसं भेटत. आई वाईची, कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, घरात हळदीचा व्यापार. तिला इथे बोलायला कोणी नव्हतं. इंग्रजी वाचता यायचं, पण तोंडातून फुटायचं नाही. दुकानात काही बोलावंच लागत नसे, फळीवरची वस्तू घ्यायची आणि पैसे द्यायचे. बाजारात मात्र गप्प राहून भागत नाही. तिथे फ्लॉवर पुढचा देतात की मागचा, हे बघावं लागतं आणि मागचा दिला तर बोलावं लागतं. आईची इंग्रजीतली पहिली वाक्यं भांडणाची होती. फळवाला तिला सगळ्यांसारखंच "मी डक" म्हणायचा, म्हणजे इकडच्या बोलीत "बाई गं" सारखी लाडाची हाक. आई त्याला नुसतं "मिस्टर" म्हणायची, आणि कायम तेवढंच म्हणत राहिली.

गुरुवार हा तिचा दत्ताच्या उपासाचा वार, आणि बाजारही नेमका गुरुवारी. उपासाला साबुदाणा कुठून आणायचा? तो अगदी सहज मिळाला, कारण इंग्रज लोक त्याची दुधातली गोड खीर करत. आमच्या शाळेत जेवणानंतर तसलीच खीर वाढत आणि मुलं तिला बेडकाची अंडी म्हणून नाकं मुरडत. वाण्याकडे त्याची पाकिटं असायची, बाजारात शेंगदाणे मिळायचे, की झाली खिचडी. कोथिंबिरीसाठी मात्र बस धरून लेस्टरला जावं लागे. कढीपत्ता तर कुणी देशातून येताना सुकवून आणायचं.

आता मला खरं सांगायचंय ते 1971 सालचं. 15 फेब्रुवारीला या देशाने नाणी बदलली. तोवर बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड होता, तो एका दिवसात शंभर नव्या पेन्सचा झाला. सरकारने पत्रकं वाटली, टीव्हीवर समजावलं, तरी त्या गुरुवारी बाजारात म्हाताऱ्या बायका तळहातावर नाणी पसरून नुसत्या बघत उभ्या होत्या. प्रत्येकीला आपण लुटले जातोय असं वाटत होतं. आणि आमची आई? तिने हे सगळं आधीच भोगलेलं होतं! 1 एप्रिल 1957 ला आपल्याकडे सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा आला, तेव्हा ती शाळेत होती आणि पेढीवर आजोबांना हिशेब करून देत होती. चार आणे म्हणजे पंचवीस, आठ म्हणजे पन्नास, एक आणा म्हणजे सहा आणि वर थोडं. ते वरचं थोडं कुणाच्या खिशात जातं, हा प्रश्न वाईतही होता आणि लफबरोतही.

ती बटाट्याच्या गाड्यापाशी उभी राहिली आणि एकेकीला समजावू लागली. शिलिंग म्हणजे पाच नवे, दोन शिलिंगांचं नाणं म्हणजे दहा, सहा पेन्सचं जुनं नाणं अजून चालतं, ते अडीचचं धरायचं. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी आकडे पक्के. विक्रेत्याने एकीला अर्धा पेनी जास्त लावला तो तिने तिथल्या तिथे परत घ्यायला लावला. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या दोन आज्या तिच्याबरोबरच बाजाराला निघू लागल्या. आमच्या घराची गावाशी ओळखपाळख कशी झाली, असं मला विचारलंत तर मी हा गुरुवार सांगेन. शाळा, शेजार, ख्रिसमसची कार्डं हे सगळं त्यानंतरचं.

गंमत पुढची आहे. 1 जानेवारी 2000 पासून सुटा माल किलोत विकण्याची सक्ती झाली. आईला किलो भारतातूनच माहीत होता, पण तोवर ती पक्की पौंडवाली झाली होती. "आता हे काय नवीन?" म्हणून सगळ्यात मोठ्याने तीच कुरकुरली.

गावाचं दुसरं वैभव म्हणजे घंटा. टेलर यांचा घंटा ओतण्याचा कारखाना 1839 पासून लफबरोत आहे. लंडनच्या सेंट पॉल्समधली 'ग्रेट पॉल' ही सुमारे सतरा टनांची घंटा 1881 मध्ये इथेच ओतली आणि मग वाफेच्या इंजिनाने रस्त्याने ओढत राजधानीला नेली. क्वीन्स पार्कमध्ये 1923 साली उभारलेला कॅरिलन मनोरा आहे, पहिल्या महायुद्धातल्या गावकऱ्यांचं स्मारक. त्यात 47 घंटा, आणि उन्हाळ्यात रविवारी त्यांवर चक्क सुरावटी वाजवतात. तिथल्या बाकावर बसून बाबा आम्हाला वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेची गोष्ट सांगायचे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा आपल्याकडच्या देवळांत आल्या. मेणवलीच्या घाटावरच्या घंटेवर तर मेरी आणि बाळ येशू आहेत. इकडे घंटेचा साचा करताना चिकणमातीत घोड्याची लीद आणि बकरीचे केस मिसळतात, हे बाबांनी सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे शेणामातीचंच काम की! मग इतकं कौतुक कसलं?"

लेडीबर्ड प्रकाशनाची लहान मुलांची ती चिमुकली पुस्तकंही आमच्याच गावात छापली जात, हे मात्र मला मोठेपणी कळलं. तोवर जगातली सगळी पुस्तकं लफबरोतच छापतात असं माझं मत होतं.

आता, गावाने सगळ्यांना सारखं आपलंसं केलं नाही असं सुरुवातीला म्हणाले, त्याबद्दल. लफबरो हे मोज्या-बनियनच्या गिरण्यांचं गाव. ऑक्टोबर 1972 मध्ये मॅन्सफील्ड होजिअरी मिल्समधल्या भारतीय कामगारांनी संप केला. विणकाम यंत्रावरच्या जास्त पगाराच्या जागा गोऱ्यांनाच मिळत, आणि युनियनही या भारतीय कामगारांच्या मागे नीट उभी राहत नव्हती. पुढे सरकारी चौकशी झाली आणि हा संप देशभर गाजला. याच सुमाराला युगांडातून हाकललेल्या आपल्या लोकांनी लेस्टरला येऊ नये, अशी जाहिरात लेस्टर नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात दिली होती.

आमच्या घरात संपावर फार बोलणं होत नसे. बाबा टाय लावून कामावर जाणारे, ते लोक पाळीवर जाणारे. परदेशातल्या मराठी घरांच्या इतिहासात हा पांढरपेशेपणा आपण सहसा नोंदवत नाही, कष्टाच्या कथा तेवढ्या सांगतो. आईला मात्र त्या बायका माहीत होत्या, बाजारात त्याच वांग्यांसाठी वाट बघणाऱ्या. कुणाच्या घरी पगार थांबलाय हे तिला बाबांच्या आधी कळायचं, कारण ती बाई त्या आठवड्यात फक्त बटाटे घेऊन परतायची.

बाजाराच्या चौकात 1998 पासून मोज्यांच्या धंद्याची आठवण म्हणून ब्राँझचा एक माणूस बसवलाय. अंगावर एक मोजा आणि मोक्याच्या जागी एक पान, बाकी काही नाही. गिरण्यांत राबलेल्या बायकांचा पुतळा का नाही केला, असा माझा जुना प्रश्न आहे. आईचा प्रश्न वेगळा आहे: "थंडी वाजत नाही का याला?"

आणि जत्रा! नोव्हेंबरात गावाच्या मधोमध रस्ते बंद करून पाळणे, चक्रं, नेमबाजीचे तंबू लागतात; बँकेच्या दारासमोर, चर्चच्या वाटेवर, कुठेही. फटाके इथे पूर्वी 5 नोव्हेंबरच्या गाय फॉक्सच्या रात्रीच्या, म्हणजे इंग्रजांच्या फटाक्यांच्या सणाच्या, आधी तेवढे मिळायचे, म्हणून आई ते आणून दिवाळीसाठी ठेवायची. दिवाळी आधीच होऊन गेली असेल तर तुळशीच्या लग्नाला उडवायचे. मग लगेच जत्रा. एका उंच फिरत्या पाळण्यात माणसांना हवेत लटकवलेलं बघून आईने जे म्हटलं ते आमच्या घरात कायमचं राहिलं: "हे तर बावधनचं बगाड!" वाईकरांना वेगळं सांगायला नको; बाकीच्यांसाठी, बावधन हे वाईजवळचं गाव, आणि बगाड म्हणजे तिथल्या जत्रेत नवसाच्या माणसाला उंच लाकडी खांबाला टांगून फिरवतात ते. आजही आम्ही भावंडं जत्रेला जाताना बगाडाला निघालो असंच म्हणतो, आणि माझ्या इंग्रज जावयालाही तो शब्द येतो.

तर यंदा कुणाला यायचं असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे नावं द्या. गाड्या गावाबाहेरच लावा, आत शिरता येत नाही. आई येणार आहे. ती आता पाळण्यात बसत नाही, पण तिकिटाच्या भावावरून तिथल्या माणसाशी हुज्जत घालते. तेवढा वेळ हाताशी ठेवून या.