उजेड उणे एक

नमस्कार. विषय जाहीर झालाय तो असा: कॉम्प्लेक्स व्हेक्टरची, म्हणजे ज्याच्या घटकांत आय, उणे एकचं वर्गमूळ, येऊ शकतं अशा व्हेक्टरची लांबी कोडमध्ये काढताना येणाऱ्या दोन अडचणी. दोन्हींवर बोलणार आहे. पण पहिलीत माझा जीव अडकलेला आहे, त्यामुळे दुसरीच्या वाट्याला वेळ कमी येईल, हे आधीच सांगून ठेवतो.

एक प्रश्न विचारतो. (१, आय) या व्हेक्टरची लांबी किती? हं, मागून "शून्य" ऐकू आलं. असं उत्तर येणारच, कारण पायथागोरस आपल्या हाडीमासी भिनलेला आहे. एकाचा वर्ग एक, आयचा वर्ग उणे एक, बेरीज शून्य. पण दोन्ही घटक धडधडीत समोर दिसतायत, आणि लांबी मात्र शून्य! हे मनाला खटकलं पाहिजे. मला खटकायला एक आठवडा लागला, त्याची गोष्ट सांगतो.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर, म्हणजे प्रकाशलहर कोणत्या दिशेत कंप पावते यावर, काम करत होतो. लेझर, पुढे एकाच दिशेची कंपनं जाऊ देणारा पोलरायझर, मग फिरवता येणारी क्वार्टर-वेव्ह प्लेट आणि शेवटी उजेड मोजणारा फोटोडायोड. प्लेट फिरवली की प्रकाशाचं ध्रुवीकरण बदलतं, रेषीयचं लंबवर्तुळाकार होतं आणि ४५ अंशांवर वर्तुळाकार. एकूण तीव्रता मात्र जवळजवळ तेवढीच राहते, कारण प्लेट प्रकाश गिळत नाही. हे गणितात मांडायला जोन्स व्हेक्टर वापरतात: दोन घटक, दोन्ही कॉम्प्लेक्स. आणि तीव्रता म्हणजे त्या व्हेक्टरच्या लांबीचा वर्ग.

आमच्या प्रयोगशाळेतला जुना कोड मॅटलॅबमध्ये होता, तो मी पायथनमध्ये आणला. पोलरायझर ०, ४५, ९० अंशांवर ठेवून तपासला, सगळी उत्तरं बरोबर. मग प्लेट बसवली. कोड म्हणाला, ३० अंशांवर उजेड निम्मा, ४५ वर शून्य. आणि इकडे मीटरवरचा आकडा जागचा हलत नव्हता. आमचे मार्गदर्शक म्हणाले, "गणित चुकत नाही, जोडणी तपास." मी लेन्सा पुसल्या, फोटोडायोड बदलला, खिडकीला काळा कागद लावला. एक आठवडा गेला. त्या आठवड्याचा राग अजून आहे, कारण मीटर खरं बोलत होता आणि त्याचं ऐकायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी सहज म्हणून कोडमध्ये प्लेट ९० अंशांपर्यंत फिरवली. पडद्यावर आलं: उणे एक. उजेड उणे एक! अंधाराहूनही कमी उजेड कसा असेल? तेव्हा कुठे मी लांबी काढणाऱ्या त्या एका ओळीकडे नीट पाहिलं: व्हेक्टरचा ट्रान्सपोज घ्यायचा, म्हणजे उभ्याचा आडवा करायचा, आणि मूळ व्हेक्टरशी गुणायचा.

मॅटलॅबमध्ये व्हेक्टरवर नुसतं एकेरी अवतरणचिन्ह दिलं की ट्रान्सपोज तर होतोच, शिवाय कॉन्जुगेटही होतो, म्हणजे प्रत्येक आयचा उणे आय. साधा ट्रान्सपोज हवा असेल तर त्याच्या आधी पूर्णविराम द्यावा लागतो. पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीतला 'टी' फक्त ट्रान्सपोज करतो. भाषांतरात कॉन्जुगेट गळून पडला. पोलरायझरच्या चाचण्यांत सगळे आकडे वास्तव होते, आय कुठेच नव्हता, म्हणून चूक लपून राहिली.

आता कॉन्जुगेट का? लांबीकडून आपल्या अपेक्षा मोजक्याच आहेत: ती ऋण नसावी, शून्य फक्त शून्य व्हेक्टरचीच असावी, आणि सगळ्या घटकांची फेज, म्हणजे कॉम्प्लेक्स संख्येचा कोन, एकसारखी फिरवली तर लांबी बदलू नये. नुसता वर्ग घेतला तर फेज दुप्पट फिरते. ९० अंशांच्या फेजचे १८० झाले, हाच माझा उणे एक. घटकाला त्याच्या कॉन्जुगेटने गुणलं की फेज कटते, उरतो तो वास्तव भागाचा वर्ग अधिक काल्पनिक भागाचा वर्ग. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत. तिथेही एका अँटेनाचा सिग्नल दुसरीच्या सिग्नलच्या कॉन्जुगेटनेच गुणतात, म्हणजे दोघींच्या फेजमधला फरक हाती लागतो. जाता जाता आठवलं म्हणून सांगितलं.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

दोन व्हेक्टरांचे घटक जोडीजोडीने गुणून बेरीज करणारी तयार फंक्शनं असतात. नमपायमध्ये 'डॉट' कॉन्जुगेट करत नाही, 'व्हीडॉट' पहिल्या व्हेक्टरचा करतो. फोर्ट्रानचा 'डॉट प्रॉडक्ट' कॉम्प्लेक्स आकड्यांना आपणहून करतो. ब्लास या गणिती फंक्शनांच्या संचात दोन्ही वेगळे ठेवलेत, शेवटी 'यू' असलेला बिनकॉन्जुगेटचा आणि 'सी' असलेला कॉन्जुगेटचा. सी प्लस प्लसमध्ये तर नावच फसवतं: ३ अधिक ४ आय या संख्येचा 'नॉर्म' मागितलात तर २५ मिळतात, ५ नाही. पाच हवे असतील तर 'अ‍ॅब्स' मागा.

दुसरी अडचण वर्गाची. १६ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकडे साठवायच्या छोट्या प्रकारात, ६५,५०४ हा सर्वांत मोठा आकडा, म्हणजे २५६ चा वर्गसुद्धा मावत नाही. ३०० अधिक ४०० आय घ्या. दोन्ही वर्ग अनंतात जातात, आणि उत्तर तर साधं ५०० आहे, जे आरामात मावतं. म्हणून आधी मोठा भाग बाहेर काढा: ४०० गुणिले, १ अधिक पाऊणच्या वर्गाचं वर्गमूळ. पाऊणचा वर्ग ०.५६२५, वर्गमूळ १.२५, उत्तर ५००. ६४ बिटांतही हेच होतं, फक्त साधारण १० च्या १५४ व्या घातापुढे. फार लहान आकड्यांचे वर्ग उलट शून्यात बुडतात. जेम्स ब्लू यांनी १९७८ मध्ये यावर जी रीत दिली ती मला फार आवडते: मोठे, मधले आणि लहान आकडे तीन वेगळ्या बेरजांत गोळा करायचे आणि शेवटी जोडायचे. भागाकार जवळजवळ लागतच नाहीत. फलकावर करून दाखवणार होतो, पण राहिलं.

लॅपटॉप इथेच उघडा ठेवतोय. आपापल्या कोडमध्ये (१, आय) टाकून बघायचं असेल त्यांनी पुढे या. दोनचं वर्गमूळ आलं पाहिजे, १.४१४.